जयाच्या चार निवडणुका

माझी बायको जया काळबांडे हिने विधानसभेच्या चार निवडणुका लढवल्या. एक जिंकली, तीन हरली. प्रीतमने आणलेल्या कागदावर एकच होती.

जया जाऊन तीन महिने झाले होते. प्रीतम आमच्या पक्षाचा तालुका सचिव. सकाळीच नरखेडहून गाडी काढून नागपूरला, प्रताप नगरच्या घरी आला. आमच्या गावच्या फाट्यावर श्रद्धांजली सभा ठरली होती आणि घरच्या माणसानं तिचा परिचय वाचायचा होता. परिचय त्यानं टाइप करूनच आणला होता. फाट्यावरचं एसटीचं शेड जयानं आमदार असताना बांधून घेतलं. त्यावर आता तिच्या नावाचा बोर्ड लागणार होता.

मी कागद वाचला. जन्म, शिक्षण, १९९५ साली आमदार, नंतर समाजकार्य, मग निधन.

"प्रीतम, बाकीच्या तीन कुठं गेल्या?"

"कोणत्या तीन, भाऊ?"

"निवडणुका."

तो हसला. "पडलेल्या निवडणुका श्रद्धांजलीत कोण वाचते जी? लोकं म्हणतीन, बाई पडतच गेली."

"पडली, पण उभी राहिली होती ना?"

"भाऊ, तुमी काहून असं करून राहिले? दोन हजार चारचं तर नावच नका काढू. हर्षितभाऊ समोर बसून राहतीन. बोर्ड त्याहिच्याच हातानं लागणार हाये."

हर्षित म्हणजे आमचे सध्याचे आमदार. २००४ साली पक्षानं जयाचं तिकीट कापून हर्षितच्या वडिलांना दिलं. जया अपक्ष उभी राहिली. दोघंही पडले. हर्षितचे वडील तीन हजारांनी पडले आणि जयानं चार हजारांवर मतं घेतली, म्हणून बाईनं घर फोडलं असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. पुढे पक्षानं जयाला परत घेतलं, पण तिकीट कधी दिलं नाही.

"असं समजा," प्रीतम उठता उठता म्हणाला, "कागद जसाच्या तसा वाचला तर बोर्ड लागते. नाही तर हर्षितभाऊचं मी सांगू शकत नाही."

तो गेल्यावर मी कागद पुन्हा वाचला. खरं सांगायचं तर त्या कागदानं माझीही सोय केली होती. १९९९ ची निवडणूक त्यात नव्हती, आणि ती निवडणूक जया माझ्यामुळे हरली.

तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. मी तिचा निवडणूक प्रतिनिधी. मतमोजणीला जया आत बसत नसे. "तुम्ही आत बसा, बाहेर बाया उन्हात उभ्या आहेत," असं म्हणून ती त्यांच्यात जाऊन बसायची. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा ती साडेसहाशे मतांनी पुढे होती. मी आपल्या लोकांना म्हटलं, झालं आता. आणि गुलाल आणायला बाहेर पडलो. ढोलवाले तयारच होते. कोणीतरी माझ्या तोंडाला गुलाल फासला, मी नाचलो. ढोल ऐकून आमचे आतले बाकीचे प्रतिनिधीही बाहेर आले. त्यांना आत हाकलायचं सोडून मी त्यांच्याबरोबर नाचलो.

शेवटच्या दोन फेऱ्या आम्हाला जड जाणाऱ्या गावांच्या होत्या. निकालावर सही होण्याआधी फेरमोजणीचा अर्ज करायला थोडा वेळ देतात. त्या वेळात आमच्या बाजूनं टेबलाजवळ कोणीही नव्हतं. मी धावत आत गेलो तेव्हा सही झाली होती. जया ३११ मतांनी हरली होती आणि बाद ठरवलेली मतं आठशेच्या वर होती. फेरमोजणी झाली असती तर ती जिंकलीच असती, असं मी म्हणत नाही. पण अर्ज करणं माझं काम होतं.

बाहेर आलो तर जया समोर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी तोंड धुवा."

त्यावर ती आयुष्यात एवढंच बोलली. पत्रकारांना तिनं सांगितलं की लोकांचा कौल मान्य आहे. पक्षातले लोक म्हणायचे, बाईला मतदारसंघ सांभाळता आला नाही. मी तिथंच बसलेला असायचो. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि मी चहा प्यायचो. हेच कारण सांगून २००४ ला तिचं तिकीट कापलं, तेव्हाही मी बोललो नाही.

सभा दुपारची होती. शेडसमोर मांडव, जयाचा फोटो, पुढे सोफ्यावर हर्षित. शेडवर बोर्ड लावलेला, त्यावर कापड. दोनशे माणसं असतील, बाया जास्त. प्रीतमनं माझ्या हातात माईक दिला आणि टाइप केलेला कागद पुढे केला. मी त्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि घरून लिहून आणलेला माझा काढला.

"जया काळबांडे," मी वाचलं. "१९९०, पराभव. तेव्हा या जागेवर उभं राहायला पक्षात कोणी तयार नव्हतं. १९९५, विजय. १९९९, तीनशे अकरा मतांनी पराभव."

प्रीतम पाण्याचा ग्लास घेऊन आला. "भाऊ, पाणी घ्या," आणि हळूच, "बस करा आता."

मी ग्लास घेतला, पाणी प्यालो आणि ग्लास त्याच्या हातात परत दिला.

"१९९९ ला जयाला मतदारसंघ सांभाळता आला नाही, असं तुम्ही पंचवीस वर्षं ऐकलं. ते खोटं आहे. फेरमोजणी मागायच्या वेळी मी बाहेर गुलाल लावून नाचत होतो. चूक माझी होती. तिनं ती स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली."

मी पुढे वाचलं.

"२००४, अपक्ष. पक्षानं तिकीट कापलं म्हणून ती घरी बसली नाही. चार हजार सहाशे बारा मतं. पराभव."

तेवढ्यात माईक बंद पडला. पडला की पाडला, मला माहीत नाही. मागून रुखमाबाईचा आवाज आला. रुखमाबाई आमच्या गावची, ऐंशीच्या पुढची, जयाच्या प्रचारात पायी फिरलेली, १९९९ च्या मोजणीलाही बाहेर तिच्याजवळ बसलेली.

"त्यातलं एक मत माह्यं होतं!"

माणसं हसली. हर्षितही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "माय, मंग आमच्या बाबाले काहून नाही देलं?"

"तुह्या बाबानं मांगतलं कुठी? जीपमधूनच हात जोडे. जया आमच्या वसरीत बसून ताक पेऊन गेली."

"मीबी तिलेच देलं होतं," आणखी एक बाई म्हणाली. तिचा नवरा तिच्याकडे पाहतच राहिला. वीस वर्षं त्याला हे माहीत नव्हतं.

हर्षितला दुसरा कार्यक्रम आठवला. तो फोटोला फूल वाहून निघाला. कापड ओढलं गेलंच नाही. मांडववाल्यांनी खुर्च्या उचलल्या, तेव्हा दोन माणसांनी शिडी लावून बोर्ड उतरवला आणि टेम्पोत टाकला.

प्रीतम माझ्याजवळ आला. "झालं समाधान? वहिनीचं नाव लागून राहिलं होतं, तुमी घालवलं."

"शेड आहे ना?"

"शेडाचं काय जी?"

"ते तिनं बांधलं. तेही उचलून टेम्पोत टाक, मग मी मानतो."

प्रीतम गाडीनं नागपूरला सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि शेडात जाऊन बसलो. रुखमाबाई काठी टेकत आली आणि शेजारी बसली.

"आनंदराव, मंग त्या दिवशी तोंड धुतलं होतं का?"

"धुतलं. निघालं नाही लवकर."

"गुलाल तसाच असते," ती म्हणाली आणि बस दिसते का ते बघायला पुढे वाकली.