दुसरा ट्रम्पेट

नानांनी खोक्यावरची चिकटपट्टी सुरीने कापली आणि आतलं फुगेफुगे असलेलं प्लास्टिक बाजूला सारलं. ट्रम्पेट पिवळाधमक होता. सोबत पांढरे हातमोजेही पाठवले होते.

"हातमोजे कशाला?" बायको म्हणाली. "वाजवायचाय की चोरी करायचीय?"

नानांनी तिन्ही कळा दाबून पाहिल्या. मधली खाली गेली ती वर यायचं नाव घेईना.

"स्वस्तातलं घेतलं की असंच होतं." फोनवरून तिनेच मागवला होता, तरी दोष नानांचा. "परत करू या. अजून मुदत आहे."

"जरा तेल लागेल, बाकी काही नाही."

तेल घरात एकाच ठिकाणी होतं. आतल्या खोलीत, वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणात. आणि तिकडे जायला नानांचा पाय उचलत नव्हता.

दोघे भाऊ कारखान्याच्या बँडमध्ये होते. दादा पहिला ट्रम्पेट वाजवायचे, नाना दुसरा. वाद्यं कारखान्याची, सराव मात्र घरीच, वहिनींच्या मशीनशेजारी. दादा गेले तेव्हा वहिनींनी त्यांचा ट्रम्पेट पुसून, फडक्यात गुंडाळून परत पाठवला, आणि पाठोपाठ नानांनीही आपला देऊन टाकला. त्यानंतर या घरात कुणी ट्रम्पेटचं नाव काढलं नाही. वहिनींच्या देखत वाजवायचं म्हणजे खपली काढण्यासारखंच होतं. पण अलीकडे अंघोळीच्या वेळी नाना नळावर बोटं चालवून पाहायचे, आणि मध्येच अडायचे. आपणही विसरलो तर दादाचं काय उरलं?

वहिनी उशीचा अभ्रा शिवत होत्या.

"वहिनी, जरा मशीनचं तेल हवं होतं."

त्यांनी मान वर न करता बाटली पुढे केली. कशाला, म्हणून विचारलंही नाही. नानांना तेच जास्त लागलं.

बाहेर येऊन तेल घातल्यावर कळ सुटली. नानांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं, ओठ ओले केले आणि फुंकर मारली. पहिला आवाज म्हशीचा निघाला. बायको भाजी चिरता चिरता खुदकन हसली. नानांनी पुन्हा फुंकलं. हळूहळू सूर जागेवर आले, बोटंही आपली वाट शोधू लागली.

"ही कुठली धून?" बायकोने विचारलं. "शेंडा ना बुडखा."

"बुडखाच आहे. शेंडा दादा वाजवायचा."

मग ती जागा आली. तिथे दुसऱ्याने गप्प राहायचं आणि पहिल्याने एकट्याने वाजवायचं. नाना थांबले. किती थांबायचं ते त्यांना कधीच मोजता आलं नव्हतं. बँडमास्तरांनी शिकवून शिकवून हात टेकले होते. दादांचं वाजवणं ऐकताना आकडे कुणाला सुचणार? नानांची पाळी आली की दादा हळूच कोपराने ढोसायचे. सगळी नोकरी त्या एका कोपरावर निभावली.

नानांनी मनातल्या मनात दादांची धून धरायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावरच निसटली. खोलीत काहीच ऐकू येईना. मशीनसुद्धा नाही. ती कधी थांबली, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुखावलंच आपण त्यांना, नानांना वाटलं. कुठून दुर्बुद्धी सुचली. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि खोक्याकडे हात नेला.

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला. फरशीवर पाऊल पडत होतं, जागच्या जागी, एका लयीत, सावकाश. मशीन बंदच होती.

बायकोची सुरी थांबली. नानांनी ट्रम्पेट पुन्हा ओठांशी नेला आणि ते पाऊल ऐकत उभे राहिले.

"भावोजी," आतून वहिनी म्हणाल्या, "आता."