मशीनचा हार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कॉम्प्युटरचं वायफाय गेलं, आणि नेमकी त्याच दिवशी अकराला माझी ऑनलाइन परीक्षा होती. पास झाले तर कंपनी मला कायम करणार होती, नाहीतर या महिन्यानंतर रामराम.

मी आधी इंटरनेटवाल्यांना शिव्या घातल्या, मग राउटरला. पण राउटर वरच्या मजल्यावर दिरांकडे सुखात चालू होता, माझ्या मोबाइलवर नेट धावत होतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. मोबाइलचं नेट जोडावं तर केबल नवऱ्याच्या, जयेशच्या बॅगेत आणि बॅगेसकट आमचे हे शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. रडकुंडीलाच आले मी. शेवटी डोंबिवलीला भावाला फोन लावला. वायफायचं कार्ड त्यानेच, भावेशनेच, बसवून दिलेलं.

"ताई, स्क्रीनवर वायफायचं चिन्ह तरी दिसतंय का?"

"चिन्हच गायब आहे रे!"

"मग कार्ड ढिलं झालंय. पीसी बंद कर, प्लग काढ आणि मागे बघ."

टेबल ओढून मागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कार्डाच्या दोन काळ्या अँटेनांना झेंडूचा हा एवढा जाडजूड हार गुंडाळलेला होता. त्याच्या वजनाने कार्ड बाहेरून खाली ओढलं गेलं होतं आणि आतून उचकटलं होतं.

"आई!" मी ओरडलेच. "हार इथे कशाला घातलात?"

सासूबाई मासे निवडता निवडता उठून आल्या. "म्होरं घालाला जागा नाय. मागं दोन शिंगां दिसली, त्यांना घातला. काय झाला गो?"

"माझी परीक्षा जाईल ना!"

त्यांचा चेहरा उतरला. "मी जलमभर माजा मासलीचा कोयता पुजला, पाटी पुजली. आता घर तुजे मशीनवर चालतंय. माजे गुरघ्याचा ऑपरेशन तिचेच पैशानं झाला. तिला हार नको घालू?"

मी हार सोडवायला खाली बसले. लग्न होऊन बाळकुमला आले तेव्हा माझ्या कॉम्प्युटरला जागा नाही म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडलेली. आईंनी आपल्या मासळीच्या पाट्या आणि कोयता उचलला आणि हा कोपरा मला दिला.

हार सोडवला, झाकण उघडलं, कार्ड सरळ धरून दाबलं. टक् करून बसलं.

"आता स्क्रू घट्ट कर," भावेश म्हणाला.

"स्क्रूच नाहीये इथे."

भावेश हळूच म्हणाला, "राहिला वाटतं माझ्याकडून."

"आणि मी बिचाऱ्या आईंवर ओरडले! ये तू भाऊबीजेला, बघते तुला."

झाकणाचा एक स्क्रू तिथे लावला. कॉम्प्युटर चालू केला, चिन्ह आलं. परीक्षा होईपर्यंत आई दारात स्टूल टाकून बसल्या होत्या, आत कुणालाही सोडेनात.

संध्याकाळी निकाल आला. मी कायम झाले. तो हार मी जपून ठेवला होता. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या आईंच्या जुन्या कोयत्याला घातला.

"त्याला कशाला?" आई म्हणाल्या. "त्याचा काम कवाच सुटला."

"त्याने जागा सोडली म्हणूनच माझं सुरू झालं ना," मी म्हणाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले.