गोमतीचा आवाज

कोल्लमच्या चित्रपट मंडळाने जुन्या सामाजिक चित्रपटांचा आठवडा ठरवला आणि त्यात आमचा काजूच्या कारखान्यावरचा चित्रपट घेतला. मंडळाची सेक्रेटरी शहाना फोनवर म्हणाली, "विलासिनी मॅडम, तुम्ही येणार असाल तर कारखान्यातल्या बायकांनाही आम्ही बस करून आणतो." पन्नास वर्षं होऊन गेली होती त्या चित्रपटाला. मी चौऱ्याहत्तरची. पालक्काडच्या घरात गुडघ्यांना तेल चोळत बसणाऱ्या बाईची कुणाला आठवण झाली, एवढ्यानेच मी हुरळले. लगेच हो म्हणाले.

दुपारचा खेळ होता. पडद्यावर मी, तेवीस वर्षांची, काजू फोडणारी गोमती. आमच्या त्या चित्रपटात कारखाना सुटताना बायकांची गेटवर झडती घेतात, काजू लपवून नेतात की काय म्हणून. एक दिवस गोमती हात वर करून उभी राहते आणि मॅनेजरला म्हणते, "कमरेला काय शोधताय साहेब? सकाळपासून पोटात काही नाही, मग कमरेला कुठून येणार?" पुढे ती मिनिटभर बोलते. तो प्रसंग आला तेव्हा सभागृहातल्या बायका पुटपुटायला लागल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग चक्क मोठ्याने. त्यांना शब्द न् शब्द पाठ होता.

दिवे लागले. मला मंचावर बसवलं. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने माईक मागून घेतला. पन्नाशीची असेल. काजूच्या टरफलाच्या तेलाने हात मनगटापर्यंत काळे पडलेले.

"मॅडम, माझी आई हे बोलणं आम्हाला झोपवताना म्हणायची. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले. शब्द मला येत नव्हते असं नाही. पण मी तोंड उघडलं असतं तर बारीक, हेल काढणारा, पालक्काडचा आवाज आला असता, आणि साऱ्या सभागृहाला कळलं असतं. पन्नास वर्षं मी हे टाळत आले होते. कधी सर्दी, कधी दाढदुखी. मी गळ्याला हात लावला.

"घसा पार बसलाय हो माझा," मी घोगरा आवाज काढून म्हणाले आणि खोकूनही दाखवलं.

"असू दे, असू दे," ती बाई म्हणाली. स्वतःच्या पिशवीतून तिने बाटली काढली. जिऱ्याचं कोमट पाणी होतं. हातोहात ती बाटली मंचावर आली आणि मी त्या सगळ्यांच्या देखत ते पाणी प्याले. मला वाटलं, खाली बसावं आणि पुन्हा उठूच नये.

तो आवाज माझा नव्हता. पंकजाक्षीचा होता.

चित्रीकरणात मी माझ्याच आवाजात बोलले होते. पण मद्रासला आवाज भरायला बसलो तेव्हा परमेश्वरन सरांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, दोन वाक्यांत मला थांबवलं. "चेहरा कोल्लमचा आहे गं. पण तोंड उघडलंस की माहेरपणाला आलेली लेक वाटतेस." दुसऱ्या दिवशी त्यांनी पंकजाक्षीला बोलावलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सावळी, ठेंगणी. मी तिला चेची म्हणायला लागले, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. नाटक कंपनीबरोबर ती मद्रासला आली होती आणि बाहेरून आलेल्या नायिकांना आवाज द्यायची. पण त्याआधी, नवव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, ती कोल्लमच्या कारखान्यात काजू फोडत होती. बोटांच्या पेरांवर डाग होते.

गेटवरच्या प्रसंगाला ती माईकसमोर हात वर करून उभी राहिली. सर म्हणाले, "हात कशाला? इथे कोण बघतंय?"

"हात वर असले की श्वास वरच राहतो सर," ती म्हणाली. "झडतीच्या वेळी बाई पोटातून बोलूच शकत नाही."

पाच वेळा तो प्रसंग केला. पाचही वेळा तिचे हात वर. मी काचेच्या अलीकडे बसून ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. खरं सांगायचं तर काट्याबरोबर भीतीही वाटली. पडद्यावर ओठ हलवणारी ती मुलगी मला एकदम रिकामी दिसायला लागली.

त्या काळी आवाज देणाऱ्यांची नावं कुणी लावत नसे. पण परमेश्वरन सरांनी नामावलीत एक ओळ लिहिली होती: गोमतीचा आवाज, पंकजाक्षी. मला ती त्यांच्या टेबलावर दिसली. मी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्याकडे गेले.

"सर, हे नाव राहिलं तर पुरस्काराची मंडळी म्हणतील, अर्धा अभिनय दुसरीचाच आहे."

त्यांनी चष्मा काढला. "तुला तसं वाटतं?"

"मला नाही. लोकांना वाटेल."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग पेन घेऊन त्यांनी ती ओळ खोडली. पुढे त्यांनी मला कुठल्याच चित्रपटात घेतलं नाही, तेही कारण न सांगता.

पुरस्कार मिळाला. त्याच्या जोरावर कामं मिळाली आणि पुढच्या सहा चित्रपटांत पंकजाक्षीच माझ्यासाठी बोलली. मद्रासमध्येच, स्टुडिओंच्या कोडंबाक्कम भागात तिची भाड्याची खोली होती. दुपारी आम्ही तिथे जेवायचो. ती टॅपिओकाचे कंद उकडायची, वर माशाची झणझणीत आमटी. नावाचा विषय तिने कधी काढला नाही. मी मनाशी म्हणायचे, तिला कुठे माहीत आहे.

कोल्लमच्या त्या कार्यक्रमानंतर मी शहानाला विचारलं, पंकजाक्षी नावाची कुणी आवाज देणारी बाई ठाऊक आहे का. ती म्हणाली, मय्यनाडला एक जुनी नाटकवाली राहते, भाचीकडे. अर्ध्या तासावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा केली.

ती मागच्या अंगणात बसून तारली साफ करत होती. केस पांढरेशुभ्र, अंगाने वाळलेली. पण मान वर करून बोलली आणि मी पायरीवरच थबकले. तो आवाज तसाच होता.

"विलासिनी ना? बस. वास येईल हां, आधीच सांगते."

मी बसले. काय काय ठरवून आले होते, सगळं विसरले आणि एका दमात बोलून मोकळी झाले. की नाव मी खोडायला लावलं. सरांनी नाही, मी.

तिने एका तारलीचं डोकं उडवलं. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सरांनीच. त्याच आठवड्यात. बिचारे माझी माफी मागत होते."

"आणि तरी तू माझ्यासाठी सहा चित्रपट केलेस?"

"मग काय करू? पोट होतं ना मला." ती हसली. "नावाचं मला तेव्हा फार वाटलं नाही गं. कुणाचंच लागत नव्हतं. ते तिरुवनंतपुरमचं मात्र..."

ते ती विसरली असेल अशी माझी आशा होती. ते मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

पुरस्काराच्या दिवशी ती मद्रासहून आपणहून तिरुवनंतपुरमला आली होती, आगगाडीने, सोनेरी काठांची पांढरी साडी नेसून. पास नव्हता तिच्याकडे. पाठवायला हवा होता तो मीच. सभागृहाच्या फाटकावर शिपायाने तिला अडवलं होतं, तेवढ्यात माझी गाडी आली. काच खाली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "विलासिनी." माझ्या शेजारी एक पत्रकार बसला होता. त्याने विचारलं, "ओळखीच्या आहेत का?" आणि मी म्हणाले, "कारखान्यातली कुणीतरी असेल. शूटिंगला खूप जणी भेटल्या." मग मी काच वर केली. काच पुरती वर जाईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

आता अंगणात ती म्हणाली, "कारखान्यातली कुणीतरी. माझे कान चांगले होते तेव्हा." आणि मग, जराही आवाज न चढवता, "खोटं नव्हतं म्हणा. होतेच मी कारखान्यातली."

मला रडू फुटलं.

"इथे रडू नकोस बाई. भाची बाजारात गेलीय, येईल एवढ्यात. तिला वाटेल मी काही बोलले तुला."

मी डोळे पुसले. "चेची, आज संध्याकाळी चित्रपट मंडळाच्या समारोपात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"सांग. तुला सांगायचंय म्हणून सांग. माझ्यासाठी म्हणून नको." तिने माशांवर पाणी ओतलं. "एकची बस आहे. रिक्षापेक्षा बरी."

जेवून जा, असं ती म्हणाली नाही. ज्या बाईने मला कधी उपाशी दारातून जाऊ दिलं नव्हतं, ती म्हणाली नाही.

संध्याकाळी समारोप होता. शहानाकडून मी पाच मिनिटं मागून घेतली आणि मंचावर उभी राहिले. आवाज पंकजाक्षीचा होता, हे सांगितलं. नाव माझ्या सांगण्यावरून खोडलं गेलं, हेही सांगितलं. मग गाडीच्या काचेपाशी आले आणि थांबले. समोर एवढी माणसं होती, काही जणींच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढंच पुरे, असं कुणीतरी माझ्या आतून म्हणालं आणि मी त्याचं ऐकलं. मी हात जोडले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. थांबेचनात. शहानाने मला मिठी मारली.

तिसऱ्या रांगेतली कालची ती बाई टाळ्या वाजवत नव्हती. आवाज ओसरल्यावर तिने विचारलं, माईक न घेताच, "म्हणजे काल तुमचा घसा बसला नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या दोन दिवसांत मला कुणी एवढं सरळ काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालक्काडला पोहोचले तर शेजारच्यांनी वर्तमानपत्र आणून दिलं. 'मोठ्या मनाची गोमती' असा मथळा, तीन स्तंभांत माझा फोटो. एवढ्या वर्षांनी सहकलाकाराला श्रेय देणारं दुर्मीळ औदार्य, असं लिहिलं होतं. दिवसभर फोन येत राहिले. जो तो कौतुक करत होता. प्रत्येक फोनला मी आधी नको नको म्हणत होते, पण माझ्या नको नकोचंही लोकांना कौतुक वाटत होतं. शेवटी फोन उशीखाली ठेवला.

चार वाजता तो पुन्हा वाजला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता.

"पेपर बघितलास का?"

"बघितला चेची."

"भाचीने वाचून दाखवला. फोटो छान आलाय तुझा. माझं नाव पंकजवल्ली छापलंय."

मी पान पुन्हा उघडलं. खरंच तसं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सकाळपासून तीनदा वाचलं होतं मी.

"मी त्यांना दुरुस्तीचं पत्र लिहिते," मी म्हणाले.

"लिही की."

"आणि चेची, ते गाडीचं मी सांगितलं नाही काल."

पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. कुणीतरी त्यांना हुसकलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "ते सांगितलं असतंस तर एवढा मोठा फोटो आला असता होय?" आणि तिने फोन ठेवला.

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. पहिल्या पानावर नावाची दुरुस्ती आणि दुसऱ्यावर गाडीची गोष्ट, काचेसकट, माझ्या तोंडच्या त्या वाक्यासकट. आठवड्याने नावाची दुरुस्ती छापून आली, दोन ओळींत. दुसरं पान त्यांनी गाळलं. शहाना म्हणाली, त्यांना वाटलं असेल की मॅडम उगाच स्वतःला लावून घेतात.

आता दर रविवारी मी मय्यनाडला फोन करते. कधी भाची उचलते आणि मावशी झोपलीय म्हणते. कधी ती स्वतः उचलते. मग आम्ही तारलीच्या भावाबद्दल बोलतो, पावसाबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल. ये म्हणून ती म्हणत नाही आणि येऊ का म्हणून विचारायची माझी छाती होत नाही.