अर्धा कागद

थुवालच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. कोल्हापूरची मी, हेमलता, सौदीतली मुलं आणि व्हर्जिनियाची वसाहत, असा सगळा प्रकार. नवरा विजय इथंच विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळतो. वर्षातून एकदा आमचं प्रदर्शन भरतं आणि पालक फोटो काढून जातात. यंदाचा विषय होता पहिल्या वसाहतीपासून स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंतचा काळ, आणि मला वर्गात लाकडी किल्ला हवा होता. शाळेला माणसं पुरवणाऱ्या कंपनीनं सुतार पाठवला. बाळाराम, गुहागरकडचा, चाळिशी उलटलेला. मराठी बोलणारी बाई भेटली म्हणून त्याला बरं वाटलं, आणि मला, खरं सांगायचं तर, आयता श्रोता मिळाला.

बुधवारी दुपारी मुलं करारपत्रं कापत होती. एकाच कागदावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून वेडावाकडा, करवतीच्या दातांसारखा कापायचा. हे काय चाललंय, असं बाळारामनं विचारलं. मग काय, मी सुरूच झाले. इंग्लंडातले गरीब लोक जहाजाचं भाडं मालकानं भरायचं या बोलीवर चार ते सात वर्षं तंबाखूच्या मळ्यात राबायला जात. अर्धा कागद मालकाकडे, अर्धा गड्याकडे. तंटा झालाच तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या, म्हणजे कुणाला परस्पर मुदत बदलता यायची नाही.

त्यानं पटाशी खाली ठेवली. "मंग माजा अर्धा कागद कुठं हाय, बाई?"

मुंबईतल्या एजंटानं त्याला दोन वर्षांचा करार सांगितला होता. ती दोन वर्षं रमजानातच संपली होती. पण कंपनीच्या कामगार कॅम्पचा सुपरवायझर वहाब म्हणत होता की सही चार वर्षांची आहे. तो कागद मात्र बाळारामला कुणी कधी दाखवला नव्हता. गावी त्याची आई, बायजाबाई, अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटत चाललं होतं आणि बाळा कधी येणार, एवढंच ती रोज विचारायची. ती आहे तोवर त्याला घरी पोचायचं होतं.

मी त्याला वेड्यात काढलं. आता करार सरकारी अ‍ॅपवर असतात, स्वतःचा करार स्वतः बघता येतो, मुदत संपली असेल तर घरी जायचा अर्जसुद्धा स्वतःच करता येतो, वहाबच्या पाया कशाला पडायचं, असं भाषण देऊन मी त्याचा इकामा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचा नंबर माझ्या फोनवर घातला. ओटीपी गेला वहाबच्या फोनवर. कॅम्पातल्या सगळ्यांच्या नावापुढे त्यानं आपलाच मोबाइल नंबर घालून ठेवला होता. चारशे वर्षांपूर्वीच्या गड्याच्या पेटीत निदान कागद तरी असायचा. मला संताप आला आणि संतापाच्या भरात मी म्हणाले, "जा आणि सरळ मागा त्याच्याकडे. तुमचा हक्क आहे तो." हक्क हा शब्द मी वर्गात आठवड्याला वीसदा वापरते. त्यासाठी मला कधी काही मोजावं लागलेलं नाही.

त्यानं त्याच संध्याकाळी, मेसमध्ये, सगळ्यांच्या देखत कागद मागितला. गुरुवारी दिवसभर तो माझ्या वर्गात किल्ल्याचे खांब उभे करत होता. रविवारी कळलं की वहाबनं त्याच्यावर तक्रार टाकली आहे: बुधवार-गुरुवार कामावर नाही, पळून गेला. इथं याला हुरूब म्हणतात, आणि हा शिक्का बसला की माणूस संपला: काम करता येत नाही, देश सोडता येत नाही, सापडला तर तुरुंग. शाळेच्या गेटवरची नोंदवही कंपनीच्याच माणसांकडे, त्यामुळे तीही कोरी निघाली.

बाळाराम वर्गाच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. "बाई, दोन वळी लिवून द्या. ते दोन दिस मी हितंच व्हतो, येवढंच. मंगळवारी कामगार कचेरीत दाखवायचंय."

मी लगेच लिहिलं. सही करण्याआधी प्रिन्सिपॉलबाईंना दाखवावं म्हटलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. हा कंपनी आणि कामगार यांच्यातला प्रश्न आहे, असं त्या हसत म्हणाल्या, आणि त्याच हसण्यात त्यांनी विचारलं की माझं कंत्राट याच महिन्यात नवं व्हायचंय ना. घरी विजयनं शांतपणे हिशेब मांडला. आपल्या दोन ओळींनी त्या माणसाचं काम होईलच असं नाही, आपलं मात्र नक्की बिघडेल, आणि आपल्या मुलाचं, अमोघचं, बारावीचं वर्ष आहे. मी वाद घातला नाही. वाद घालायचा नव्हताच मला. कुणीतरी हे म्हणावं, एवढीच वाट बघत होते.

सोमवारी बाळारामचे तीन फोन आले. मी वाजू दिले.

मंगळवारी पाठ होता बोस्टनच्या बहिष्काराचा. विलायती माल आणणार नाही अशा करारावर व्यापारी उघडपणे सह्या करत होते. मी मुलांना म्हटलं, गाऱ्हाणी सगळेच सांगतात, खाली नाव घालायला छाती लागते. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. सही नसलेलं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

पुढचं मला दुसऱ्या सुतारानं सांगितलं. वहाबनं तक्रार मागे घेतली, पण बाळारामनं आणखी दोन वर्षांवर सही करायची आणि दूर अल खर्जला गाईंच्या गोठ्यांच्या कामावर जायचं, या अटीवर. त्यानं केली सही. दुसरं करणार काय? व्हर्जिनियातही पळाल्याचा ठपका आला की गड्याची मुदत वाढवत असत. ते मला पाठ होतं. त्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

प्रदर्शन छान झालं. किल्ल्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. माझं कंत्राट नवं झालं.

दीड महिन्यानं स्टाफरूममध्ये चहा पिताना फोनवर त्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "बाई, बाळाराम बोलतोय. आई गेली परवा. भावानं अग्नी दिला. तुमी मनाला लावून घेऊ नका. कागदाचं तुला कुनी शिकवलं, म्हनून वहाब लय इचारत व्हता. मी तुमचं नाव न्हाय सांगितलं."

रडू आलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण पहिल्यांदा वाटलं ते हायसं. मग मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, फक्त शेवटचं वाक्य नीट ऐकून खात्री करून घ्यायला.