डोळे भरायचा चाकू

काउंटरवर अंथरलेल्या हिरव्या कापडावर अकरा चाकू होते, सगळे मिटवायचे. त्यातल्या सातांना उघडलेलं पातं पक्कं धरून ठेवणारा खटका होता. त्या सातांपैकी चार एका हाताने उघडत. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गुलाबाच्या सहा काड्या होत्या. त्या दुकानाच्या नव्हत्या, मुंगीने घरून आणल्या होत्या.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती एका रोपवाटिकेत लागली होती आणि तिथे तिच्याकडे गुलाबाचे डोळे भरायचं काम होतं. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट अलगद सोलून काढायचा, चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. दर कापाआधी पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो. यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःच्या ओळी मिळाल्या होत्या.

आणि त्याच ओळींवर आता गंडांतर आलं होतं. रोपवाटिकेतून घरी येणारा रस्ता कालव्याच्या कडेने जातो, त्यावर दिवे नाहीत. बाकीच्या बाया उजेडीच निघत. हिच्या ओळी मागे राहत, म्हणून ही एकटी मागून येई. गेल्या आठवड्यात अंधारात एक माणूस तिच्या मागोमाग वळणापर्यंत आला. बोलला काहीच नाही, पण ही भरभर चालायला लागली तसा तोही भरभर चालला. तिने घरी सांगितलं आणि आईने जागच्या जागी निकाल दिला, "वेळेला उपयोगी पडेल असा चाकू जवळ ठेव, नाहीतर नोकरी सोड. तुझ्या त्या जुन्या खुळखुळ्याने काकडीसुद्धा घाबरायची नाही."

म्हणून आज आई दुकानातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखी.

बरोबर आलेल्या मामाने सगळ्यात मोठा, काळा, करवतीसारख्या दातांचा चाकू उचलला. "हा बघ. नुसता दाखवलास तरी समोरचा चपला टाकून पळेल."

"मामा, मला डोळे भरायचेत, फोडायचे नाहीत. हे दात साल फाडतील."

"साल गेली खड्ड्यात! ताई, सांग हिला."

"मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "ज्याने काल दाढी करताना कान कापून घेतला, त्याने चाकूतलं बोलू नये."

दुकानदार हसू दाबत कापड सारखं करत राहिला.

मुंगीने एका हाताने उघडणारे चारही चाकू पाळीपाळीने तळहातावर तोलले, उघडले, आणि पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवून पाहिलं. दोन किंचित डगमगले. तिसऱ्याची मूठ ओल्या बोटांत घसरली. चौथा साधा होता, तपकिरी मुठीचा, बोटाएवढ्या सरळ पात्याचा. तो हलला नाही.

"हा."

"हा?" आईच्या कपाळाला आठी पडली. "एवढासा? करून दाखव मग. चाकू पिशवीत, पिशवी खांद्याला, आणि हा तुझा मामा आला मागून."

मामाला एवढंच हवं होतं. दुकानदाराकडून चहाचा ट्रे मागून त्याने पोटाशी धरला, कारण भाचीवर विश्वास असला तरी पात्यावर नव्हता, आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. मुंगी काउंटरकडे तोंड करून उभी राहिली. पावलं वाजताच तिने पिशवीत हात घातला, चाकू काढला, अंगठ्याने पातं उघडलं. खटका बसला. मग दुसऱ्या हाताने पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढला आणि पातं नीट, दोन्ही बाजूंनी, पुसलं.

मामाचा हात कधीचाच तिच्या खांद्यावर पडला होता.

"अगं, मला रोग होईल म्हणून पुसतेस की काय?" मामा म्हणाला.

दुकानदार आता उघड हसला. आईही पदर तोंडाला लावून हसली, पण लवकर थांबली. "पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी मुंगीने बोळ्याला हात लावला नाही. तरीही पातं उघडायच्या आत ट्रे तिच्या पाठीला लागला. तिसऱ्या वेळीही तेच.

"झालं," आई शांतपणे म्हणाली. "म्हणजे चाकूने काही होत नाही. उद्या साहेबांना सांगून टाक, येणार नाही म्हणून."

 मुंगीने फडकं सोडून एक काडी घेतली, पातं पुसलं आणि डोळ्याखालून एकच काप घेतला. डोळा सालीसकट सुटून आला, कडा सरळ. मग तिने पिशवीतला जुना चाकू काढला. त्याचं पातं खिळ्याशी खुळखुळलं. दुसऱ्या काडीवर काप वाकडा गेला, पुन्हा घ्यावा लागला, आणि तिसऱ्यांदा डोळाच फाटला.

"हे रोज असं?" आईने विचारलं.

"रोज. दर डोळ्याला दोनदा, तीनदा. त्यातून धार लावत बसायचं. म्हणून तर बाया पुढे जातात आणि मी मागे राहते." तिने नवा चाकू मिटवला. "आई, ह्याने मी कुणाला अडवू शकणार नाही, ते तू पाहिलंसच. पण ह्याने मी बायांबरोबर निघेन."

आईने दोन्ही काड्यांवरचे काप शेजारी शेजारी धरून पाहिले आणि पर्स उघडली.

"मला रस्त्यावर तुझी सावली दिसली पाहिजे," ती म्हणाली. "ज्या दिवशी सावली नाही, त्या दिवसापासून नोकरी नाही. उद्या मी स्वतः येणार बघायला."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तू ट्रे परत कर."

दुसऱ्या दिवशी आई रोपवाटिकेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ओळी संपवून, हात धुऊन मुंगी इतर बायांबरोबर बाहेर आली. ऊन अजून रस्त्यावर होतं. आईने तिला जागचं हलू नकोस म्हणून सांगितलं, बायांना बाजूला सारलं आणि मुंगीच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत पावलाला पाऊल लावत मोजत गेली.

बावीस पावलं भरली. "अंधार पडायला अजून तासभर तरी आहे," ती म्हणाली, "राहू दे नोकरी."