खालून वर वाचायचा पाइप

ही गोष्ट एका पाइपावर आहे. तीन इंची, पांढरा, हातभर लांब, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या कामातून उरलेला. वाचायची तर खालून वर, कारण माझ्या नवऱ्याने भोकं खालून पाडायला सुरुवात केली. तो प्लंबर आहे. वरून खाली काय काय येतं ते त्याला रोज बघावं लागतं, त्याचाही कंटाळा असेल.

तळाचं बूच.

घट्ट बसलेलं. आईसारखं, असं लिहिणार होते, पण तेव्हा आई कुठेच घट्ट बसलेली नव्हती. गुडघा दुखावला, तिच्या घराला दोन जिने, म्हणून चार दिवसांसाठी आमच्याकडे आली होती. चाराचे अठरा झाले तरी तिची पिशवी खाटेखाली भरलेलीच. धुतलेले कपडे वाळले की घडी करून परत आत, आणि वरून खांद्याचा पट्टा आवळून टाकायचा. ती कायमची इथे राहावी असं मला वाटत होतं. तसं म्हटलं असतं तर ती त्याच संध्याकाळी निघाली असती. म्हणून मी पिशवीला धक्का न लावता केर काढत होते.

पहिलं भोक. बारा मिलिमीटर. आता चिकटपट्टीखाली.

आई दिवसभर खिडकीशी बसते, तिला बघायला काहीतरी हवं, असं नवऱ्याच्या मनात आलं. सासूला थेट विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती. दोघंही माझ्यामार्फत बोलत. त्याने पाइपाला भोक पाडलं, पाखरांना बसायला खाली काडी खोचली, दुकानातलं मिश्र खाद्य भरलं, बाजरी आणि सूर्यफूल, आणि पाइप खिडकीबाहेर तारेने टांगला.

दुपारपर्यंत पाइप रिकामा, अंगण भरलेलं. चिमण्या सूर्यफूल उचलत, बाकीचं चोचीने उडवून देत. न उडवताही बाजरी आपली आपण सांडत होती. खाली कबुतरांची पंगत.

"यांना सांग, भोक मोठं झालंय," आई म्हणाली.

"काय म्हणतात?" नवरा म्हणाला. दोघांच्या मधे एक टेबल.

"भोक मोठं झालंय."

"ऐकलं मी."

एक पेन्सिलची रेघ, खोडलेली.

इथे दुसरं भोक पडायचं होतं, पण त्या दिवशी पाऊस होता. दाणे फुगले. तळाच्या बुचाला पाणी निघून जायला चार बारीक छिद्रं त्या दिवशीची. आंबूस वास आला तो आईला आधी, मला नंतर.

दुसरं भोक. सहा मिलिमीटर.

यातून बाजरी बेताची येई, पण सूर्यफूल अडकून बसे. एका चिमणीने चोच मारमारून बघितलं, मग खिडकीतून आमच्याकडे बघितलं.

"एकच भोक दोघांना कसं चालणार?" नवरा वैतागून म्हणाला. मी स्वयंपाकघरात होते. म्हणजे हे त्याने कुणाला विचारलं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

"नाहीच चालत," आई म्हणाली. "म्हणून तर मला तीस वर्षं पगार होता."

आई बियाण्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहायची. पट्ट्यावरून दाणे वाहत यायचे, त्यातले खराब नि भलतेच वेचायचे. हे नवऱ्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. त्याने खुर्ची ओढली.

"मग काय करायचं, आई?"

मी हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

पाइपाची मागची बाजू.

इथे काही नाही. इथे ती दोघं सलग दोन दिवस बोलत होती.

मधोमध, आत. बाहेरून दिसत नाही.

एक आडवी चकती. खाली बाजरी, तिला सहाची भोकं. वर सूर्यफूल, त्याला बाराची. खालचा कप्पा भरायचा तर पाइप उलटा करून बूच काढायचं. खाद्य निवडायला नवऱ्याने डब्याच्या जुन्या झाकणाला भोकं पाडून दिली. आईने ते दोनदा हलवलं आणि म्हणाली, "चाळणी बरी आहे. हात कुणाचा आहे पण?" आणि निवडायला बसली. तिची बोटं मी किती वर्षांनी इतकी भराभर चालताना बघितली.

काड्या. कापून दोन बोटांएवढ्या.

कबुतरांना बसता येऊ नये म्हणून. एकाने बसायचा प्रयत्न केला, घसरलं, आणि खाली असं चालत गेलं की जणू बसायचं नव्हतंच.

"तुझे मामा," आई म्हणाली.

टोक.

वाऱ्याने पाइप तारेवर गरगर फिरायचा. सगळी मेहनत अंगणात. त्याला रुंद, मजबूत असं काहीतरी आवळायला हवं होतं.

"उद्या दुकानातून आणतो," नवरा म्हणाला.

"उद्या कशाला?"

आई खाटेशी गेली. वाकताना गुडघ्यावर हात ठेवला. पिशवी ओढली, पट्टा सोडला, दोन्ही कड्यांतून खेचून काढला. पिशवीचं तोंड उघडं पडलं. आतले कपडे दिसले, घडीच्या कडा आतापर्यंत चुरगळलेल्या.

मला गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "मग पिशवी कशी उचलशील?"

आई पट्ट्याची लांबी हाताने मोजत होती. "कुठे उचलायचीय?"

नवऱ्याने पट्टा पाइपाभोवती दोनदा फिरवला आणि वर खिडकीच्या गजाला बांधला.

"जावईबापू, मागे ढिला सोडलात."

"नाही सोडला."

"सोडलात. बघा."

सोडला होता. त्याने आवळला. मी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. कुणी विचारलं नाही का म्हणून. पहिली चिमणी वरच्या काडीवर आली, एक दाणा उचलला, सोलला, खाल्ला. काही उडवलं नाही.

आई तिच्याकडेच बघत होती. मान न वळवता नवऱ्याला म्हणाली, "हिला सांगा, चहा टाक."

मी टेबलाच्या या बाजूला होते. चार फुटांवर.