भिंतीवरचं बदक

डॉक्टर दातांचे होते. उभा जन्म लोकांना तोंड उघडायला सांगण्यात गेला, स्वतःचं मिटायचं मात्र कधी जमलं नाही. त्यातूनच हे सगळं उद्भवलं.

झालं असं, की त्यांची मोठी बहीण, म्हणजे ताई, पुढच्या खोलीतल्या भिंतीवरून आपलं भरतकाम उतरवत होती. याच खोलीत दर बुधवारी तिचा भरतकामाचा वर्ग भरायचा. हल्ली तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. कपबशी हातात घेतली की खडखडायची, तिथे सुईची काय कथा! चारचौघांत तर ती तो हात शालीखालून बाहेरच काढत नसे.

"वर्ग बंद," ताई म्हणाली. "दोरे, रिंगा, सगळं देऊन टाकते कुणाला तरी."

आई गेल्यावर याच हातांनी डॉक्टरांना वाढवलं होतं. ते हात असे झाकून खिडकीशी गप्प बसलेली ताई त्यांना बघवली नसती. पण सरळ तसं बोलतील तर ते डॉक्टर कसले! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"द्यायचं कशाला? मला शिकव, मी चालवतो वर्ग. आयुष्यभर हिरड्यांना टाके घातलेत. कापड काय चीज आहे?"

"छोट्या, तुला शर्टाचं बटण तरी लावता येतं का?"

"तसली किरकोळ कामं मी करत नाही," छोट्या म्हणाला. छोट्याची साठी केव्हाच उलटली होती.

पहिल्याच दिवशी फजिती. सुईत दोरा ओवेपर्यंत एक अख्खी दाढ काढून झाली असती. मग ताईने साखळी टाका घालायला सांगितला, तर डॉक्टर प्रत्येक टाका करकचून आवळत, त्याला गाठ मारत आणि दोरा कापत. जखमेला तसंच करतात ना! जिथे पान यायचं तिथे सुकलेली मनुका आली, आणि मागच्या बाजूला गाठींची नुसती फौज.

"अरे, कापड आहे ते, हिरडी नाही! रक्त थांबवायचंय का तुला?"

"मजबूत झालंय की," असं म्हणत डॉक्टर ऐटीत उठले. त्यांच्याबरोबर रिंग उठली, कापड उठलं आणि पँटही ओढली गेली. मांडीवर ठेवून भरताना गड्याने पान थेट पँटीलाच शिवून टाकलं होतं. ताईने कात्री आणली, पण हसून हसून तिला ती धरवेना.

तरी गडी मागे हटला नाही. पुढे बऱ्याच बुधवारांनी त्यांनी एक बदक पुरं केलं. म्हणजे बदक असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. बघणाऱ्याला प्रेशर कुकर दिसे. ताई आत गेल्याचं पाहून डॉक्टरांनी ते रिकाम्या भिंतीवर ठोकून टाकलं.

खालच्या मजल्यावरची नर्स आपल्या घराची किल्ली ठेवायला आली, तर दारातच थबकली.

"हे कुणी केलं?"

"मी," डॉक्टर छाती फुगवून म्हणाले.

"मग बुधवारी मीही येते शिकायला."

"बघ ताई! खऱ्या कलेची कदर करणारी माणसं आहेत अजून," आवाज ऐकून बाहेर आलेल्या ताईला डॉक्टरांनी सुनावलं.

"तसं नाही डॉक्टर," नर्स ओशाळली. "ताईंची फुलं बघितली की वाटायचं, आपल्याला हे सात जन्मांत जमायचं नाही. हे बघून वाटलं, जमेल."

त्या दिवशी ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. डॉक्टरांनी जेवताना तोंड फुगवून ठेवलं, पण भाजी दोनदा घेतली.

नर्स आली, तिची जाऊ आली, कोपऱ्यावरचा बेकरीवालाही आला. सगळे आधी बदकाचं दर्शन घेत आणि धीर येऊन बसत. ताई हात शालीत ठेवून तोंडाने सांगे, डॉक्टर करून दाखवत. "कापड आहे, हिरडी नाही," असं ते बेकरीवाल्यालाही बजावत. बिचाऱ्याला काही कळत नसे.

दरम्यान डॉक्टरांनी गुपचूप एक गुलाब भरला. खरोखरचा, गुलाबासारखा दिसणारा.

"ताई, आता बदक उतरवून हा लावू या."

ताईने तो नीट उलटून पाहिला. मागे एकही फालतू गाठ नव्हती. "छान झालाय रे," ती म्हणाली. "कपाटात ठेव. बदकाला हात लावशील तर याद राख. वर्ग त्याच्या जिवावर चाललाय."

पुढच्या बुधवारी नर्स सरावाच्या फडक्यावरच्या एका पानाशी अडली. डॉक्टरांनी समजावलं आणि होतं नव्हतं तेही बिघडवलं. पुन्हा समजावलं. ताईच्याने राहवेना.

"आण इकडे!"

आणि तिने शालीतून हात बाहेर काढला.

सुई थरथरत कापडात शिरली, भलतीकडेच निघाली, पुन्हा शिरली. ताईने पान पुरं केलं. कडा पार दातेरी झाल्या होत्या. तिने फडकं हातभर लांब धरून पाहिलं.

"कसं झालंय रे छोट्या?"

'दुखणार नाही' असं जन्मभर बिनदिक्कत खोटं सांगणाऱ्या माणसाला या वेळी खोटं सुचेना.

"वाकडं झालंय, ताई," ते म्हणाले. "पण माझ्या बदकापेक्षा बरं आहे."

"तुझ्या बदकापेक्षा पायपुसणंही बरं आहे!" ताई म्हणाली. मग तिने ते फडकं त्यांच्या हातात दिलं. "जा, लाव त्याच्या शेजारी."

डॉक्टर खिळा शोधायला वळले, ते बरं झालं. डोळे पुसता आले. मागे वळून पाहिलं तर शाल खुर्चीच्या पाठीवर पडली होती आणि ताई नर्सकडे हिरवा दोरा मागत होती.